पासष्ट हजार मिनिटं

४ टेराबाइटची डिस्क आणि तिच्यावर माहिती भरण्याचा वेग सेकंदाला १,००० किलोबाइट. या हिशोबाने डिस्क पूर्ण भरायला ६५ हजार मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ ४५ दिवस. हा हिशोब सर्व्हरनेच पडद्यावर छापून दाखवला होता, तोही ऐन जानेवारीत, कारखान्याचं गाळप भरात असताना.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी बरीच वर्षं काम केलं. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, आणि पुढे प्रवरा, मुळा, गोदावरीच्या पाण्यावर या जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. आमचा त्यातलाच एक. बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की चिमणी, मळीचा वास आणि साखरेची पोती आठवतात. आतल्या माणसाला विचारलं तर तो काट्याचं नाव घेईल. उसाची भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, वजन होतं, गाडी गव्हाणीवर रिकामी होते, पुन्हा काट्यावर येते, आणि दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. सभासद क्रमांक, गट, प्लॉट, उसाची जात, तोडणी टोळी, वाहतूकदार हे सगळं त्या एका नोंदीत असतं. शेतकऱ्याचं उसाचं बिल त्यातूनच निघतं, टोळीची तोडणी आणि वाहतूकदाराचं भाडंही त्यातूनच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काट्यावरची नोंद हरवली तर हिशोब अडतोच, शिवाय काटामारीचा संशय उभा राहतो. तो एकदा गावात पसरला की दहा पत्रकं काढून पुसता येत नाही.

या सगळ्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या, त्यात ४ टेराबाइटच्या चार डिस्क होत्या, रेड-५ पद्धतीने एकत्र बांधलेल्या. चारपैकी तीन डिस्कांइतकी जागा वापरायला मिळते. एका डिस्कइतकी जागा पडताळणीच्या आकड्यांसाठी जाते, आणि ते आकडे चारही डिस्कांवर विखुरलेले असतात. कोणतीही एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिची माहिती पुन्हा काढता येते. हे काम करणारं वेगळं कार्ड आमच्याकडे नव्हतं. लिनक्सचा कर्नलच ते करत होता. आजही मला हीच रचना तालुक्याच्या ठिकाणी योग्य वाटते. महागडं रेड कार्ड जळालं तर तसंच दुसरं कार्ड शोधत पुणे-मुंबई करावी लागते. सॉफ्टवेअरने बांधलेल्या डिस्का मात्र कोणत्याही लिनक्स मशीनला लावा, त्या एकमेकींना ओळखतात. प्रत्येकीवर त्या संचाची ओळख लिहिलेली असते, त्यामुळे कोणती डिस्क कोणत्या पोर्टला लावली याने काही बिघडत नाही.

रेडची कल्पना मांडली ती बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी, १९८८ मध्ये. त्यांनी उदाहरणाला घेतलेली स्वस्त डिस्क होती १०० मेगाबाइटची, आणि तिचा वेग सेकंदाला १ मेगाबाइट. म्हणजे आख्खी डिस्क वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती. आजची ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटने सलग वाचली तरी सात तासांच्या वर जातात. क्षमता वाढली हजारो पटींनी आणि वेग वाढला शंभर-दीडशे पटींनी. नव्या डिस्कवर माहिती भरण्याचं काम, म्हणजे सिंक, हळू चालतं या तक्रारीचं मूळ इथे आहे. ते आपल्याला बदलता येत नाही. पण सात तासांचे ४५ दिवस होतात, त्यातलं बहुतेक सगळं आपल्या हातात असतं.

त्या जानेवारीत एक डिस्क संचातून बाहेर पडली. तिच्यावर वाचता न येणारे सेक्टर साचले होते. नवी डिस्क बसवली, संचात जोडली, आणि एमडीस्टॅट ही फाइल उघडून पाहिली. लिनक्समध्ये संचाची खबर इथे मिळते. चौकोनी कंसात टिंबांची एक रांग असते, काम पुढे सरकेल तसं एकेक टिंब जाऊन तिथे बरोबरचं चिन्ह येतं आणि टोकाला बाण असतो. बाण पहिल्याच घरात होता. पुढे किती ब्लॉक झाले, किती व्हायचे (एकेक किलोबाइटचे जवळजवळ ३९० कोटी), मग उरलेली मिनिटं आणि चालू वेग. मिनिटं ६५ हजारांच्या आसपास, वेग हजार-अकराशे.

४५ दिवसांत आमचा निम्मा हंगाम गेला असता. सिंक पूर्ण होईपर्यंत संच तीन डिस्कांवर उभा असतो आणि त्यातली आणखी एक गेली तर सगळं जातं. त्यातही सिंकच्या काळात त्या तिघींना कधी नव्हे इतकं काम पडतं, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचावं लागतं. त्या तिघी जुन्या, एकाच वेळी घेतलेल्या, एकाच खोलीतली भुशाची बारीक धूळ खाल्लेल्या. सिंकचा वेग हा काही सोयीचा प्रश्न नसतो. संस्था किती काळ आधाराविना उभी राहणार, ते त्या आकड्यावर ठरतं.

वेग कमी का, याचं पहिलं उत्तर कर्नलच्या स्वभावात आहे. त्याच्याकडे दोन मर्यादा असतात, किमान आणि कमाल. मूळ सेटिंगमध्ये किमान १,००० किलोबाइट आणि कमाल २ लाख किलोबाइट. डिस्का मोकळ्या असतील तर सिंक कमाल मर्यादेपर्यंत पळतं. डिस्कांवर दुसरं कोणी काम करताना दिसलं की कर्नल सिंकला मागे ओढतो आणि किमान मर्यादेपर्यंत आणून सोडतो. वापरणाऱ्याचं काम आधी, दुरुस्ती नंतर, असा त्याचा नेम. नेम चांगला आहे, पण १,००० ही किमान मर्यादा लहान डिस्कांच्या काळातली आहे. वेग वाढवायचा म्हणून बहुतेकजण कमाल मर्यादा वाढवतात, आणि काहीच फरक पडत नाही म्हणून हात टेकतात. फरक पडणार कसा? २ लाख हा आकडा आमच्यासारख्या साध्या फिरत्या डिस्कांना गाठताही येत नव्हता. संच कामात असेल तेव्हा वेग ठरवते ती किमान मर्यादा.

ती वाढवायची तर किती, हे पुस्तकात मिळत नाही. कारण वाढवलेला प्रत्येक किलोबाइट काट्याच्या वाट्याचा असतो. आमच्याकडे तोड पहाटे सुरू व्हायची, दुपारपर्यंत गाड्या भरायच्या, आणि दिवस कलला की ट्रॅक्टर, जुगाड, बैलगाड्या यांची रांग केनयार्डातून थेट रस्त्यापर्यंत जायची. त्या वेळी काट्यावरची स्लीप अर्धं मिनिट उशिरा निघाली तरी रांगेच्या शेपटाला असलेल्या गाडीवानाचा तासभर वाढतो. बैल उभे असतात, माणसं उपाशी असतात, पहाटे तीनला पुन्हा फडावर जायचं असतं. सिंक लवकर व्हावं ही माझी गरज होती, तशी लवकर मोकळं व्हावं ही त्यांची. दोन्ही खऱ्या होत्या.

म्हणून मर्यादा वाढवताना मी काट्यावरच्या जुन्या क्लार्कना फोनवर धरून ठेवलं. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मी इकडे किमान मर्यादा ५,००० केली आणि विचारलं, काय फरक?

"काही नाही ताई, चालू आहे."

१० हजार केली. दोन गाड्या झाल्या. "चालू आहे." २० हजार केली. थोडा वेळ फोनवर नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग मामा म्हणाले, "ताई, आता बटन दाबल्यावर घड्याळ फिरतंय बघा. स्लीप निघती, पण दमानं निघती." मी पुन्हा १० हजारांवर आणली. संध्याकाळच्या गर्दीत आमचा काटा १० हजारांपर्यंत सोसतो, हे त्या फोनवर कळलं. कोणत्याही मॅन्युअलमध्ये हा आकडा सापडला नसता. पहाटे तीन ते सकाळी सात या वेळात काट्यावर तुरळक गाड्या असतात, तेव्हा मर्यादा ६० हजार करायची आणि त्यानंतर पुन्हा खाली आणायची, असं वेळापत्रक सर्व्हरवरच लावून टाकलं. मर्यादा बदलायला सिंक थांबवावं लागत नाही, आकडा लिहिला की पुढच्या काही क्षणांत वेग बदलतो.

पण मला एक गोष्ट खटकत होती. काट्यावरची नोंद म्हणजे चार ओळींचा मजकूर. तेवढ्या कामाने संच सतत व्यग्र का दिसावा? पहाटे साडेतीनला, यार्डात सगळं शांत असताना, कर्नलला मोकळी वेळ सापडत कशी नाही? कोणती प्रक्रिया डिस्कवर किती लिहिते हे पाहिलं तेव्हा उत्तर समोर आलं. काट्यावरच्या आणि यार्डातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण याच संचावर साठत होतं. कॅमेऱ्याला रात्र नसते. तो थोडं लिहितो, पण अखंड लिहितो, आणि रेड-५ मध्ये थोडं लिहिण्यासाठीही जुना मजकूर आणि पडताळणीचे आकडे वाचून नवे काढावे लागतात. कर्नलच्या दृष्टीने संच कधी रिकामा नव्हताच. तो बिचारा नियमाने प्रत्येक वेळी सिंकला मागे ठेवत होता.

कॅमेऱ्यांसाठी एक साधी सुटी डिस्क लावली आणि चित्रीकरण तिकडे वळवलं. एमडीस्टॅटमधला वेग बघता बघता २८ हजारांवर गेला, किमान मर्यादेला हात न लावता. मर्यादांच्या आकड्यांशी खेळण्याआधी, संचावर कोण काय लिहितंय हे पाहावं, असं माझं ठाम मत तेव्हापासून झालं आहे. पतसंस्थेत ते कॅमेरे असतील, कॉलेजात कोणीतरी रात्रभर उतरवून घेत असलेले व्हिडिओ असतील, दवाखान्यात एक्स-रेची चित्रं असतील. ज्याचं नुकसान परवडतं ते काम तेवढ्या दिवसांसाठी दुसरीकडे हलवलं की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

वेग २८ हजारांवर गेला आणि तिथेच थबकला. काटा बंद असो की चालू, २८ म्हणजे २८. इथे एक नियम उपयोगी पडतो. एखादी डिस्क आजारी असेल तर तिला प्रतिसाद द्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ती आकड्यांत उघडी पडते. आमच्या चौघींचा प्रतिसाद मात्र सारखाच येत होता. तिघींवरून वाचलं जाणारं आणि चौथीवर लिहिलं जाणारं मिळून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास होत होतं. बेरीज ठरावीक राहते आणि वाटणी समान होते, तेव्हा डिस्कांवर संशय न घेता त्यांच्या सामाईक रस्त्यावर घ्यावा. डबा उघडला. चारही डिस्कांच्या केबली एका जुन्या पीसीआय कार्डाला लावलेल्या होत्या. त्या पिढीच्या पीसीआयची कागदावरची क्षमताच सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तीही त्यावरच्या सगळ्यांत मिळून. आधीचं मशीन बदललं तेव्हा डिस्का कार्डासकट उचलून नव्या डब्यात आल्या होत्या. खाली मदरबोर्डवर साटाचे पोर्ट रिकामे होते, त्यांवर धूळ बसली होती.

तीन डिस्कांवर उभा असलेला संच सिंक चालू असताना बंद करायचा, केबली काढायच्या आणि दुसरीकडे लावायच्या, हा निर्णय सोपा नव्हता. दोन गोष्टींचा भरवसा होता. एक, नव्या पद्धतीच्या नोंदी असलेला संच नीट बंद केला तर सिंक कुठपर्यंत आलं होतं हे डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि चालू केल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होतं. दोन, डेटाबेसचा ताजा बॅकअप आधी वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क डब्याबाहेर ठेवली होती. मिल सफाईसाठी बंद राहणार होती, काट्यावर गाडी येणार नव्हती. त्या वेळात सर्व्हर बंद केला, केबली बोर्डाच्या पोर्टांना लावल्या, आणि जुन्या केबली बदलूनही टाकल्या. डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदीत केबलमुळे झालेल्या चुकांचा एक आकडा असतो, स्मार्टमधली १९९ क्रमांकाची नोंद. आमच्या एका डिस्कवर तो वाढलेला दिसत होता. वाढणारा हा आकडा बहुतेक वेळा डिस्कची तक्रार नसते, केबलची किंवा जोडणीची असते.

सर्व्हर चालू झाला. बाण होता तिथूनच पुढे निघाला, आणि वेग १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. सुरुवातीला जे आठवड्यांचं काम दिसत होतं ते आता रात्रीत होण्यासारखं दिसू लागलं.

अजून थोडं काढता येईल म्हणून स्ट्राइप कॅश वाढवली. रेड-५ आणि रेड-६ मध्ये कर्नल डिस्कांवरचे सलग तुकडे काही काळ मेमरीत धरून ठेवतो आणि त्यावर आकडेमोड करतो. मूळ सेटिंग २५६ असतं. ते ८,१९२ केलं तर चार डिस्कांच्या संचाला १२८ मेगाबाइट मेमरी लागते. सोळा-सोळा गिगाबाइटच्या मशीनमध्ये एवढं द्यायला हरकत नसते. वेगात फरक पडला, फार मोठा नाही, पण काट्याकडच्या लिहिण्यालाही त्याचा फायदा झाला. रीड-अहेड वाढवा असा सल्लाही हमखास मिळतो. फायली सलग वाचताना तो उपयोगी आहे. सिंक मात्र त्या वाटेने जातच नाही, त्यामुळे सिंकसाठी तो आकडा बदलण्यात वेळ घालवू नये.

दोन-तृतीयांश काम झाल्यावर वेग हळूहळू उतरत ९० हजारांवर आला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. फिरत्या डिस्कवर बाहेरच्या कडेच्या पट्ट्या लांब असतात, एका फेरीत जास्त माहिती वाचून होते, आत जावं तसा वेग कमी होतो. सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत टिकेल असं धरून कोणालाही वेळ सांगू नये.

घाबरण्यासारखं झालं ते त्यानंतर. ९० हजारांचे ४० हजार झाले, मग ६ हजार, मग आकडा जवळजवळ शून्यावर आला. बाण हलेना. कर्नलच्या नोंदींत जुन्या तिघींपैकी एकीचं नाव येऊ लागलं होतं. एका सेक्टरवर ती अडली होती आणि पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती.

या ठिकाणी कित्येक संच मरतात, आणि मरण्याचं कारण फार साधं असतं. घरगुती वापराच्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती चिकाटीने प्रयत्न करत राहते, कधी कधी मिनिट-दोन मिनिटंसुद्धा. कर्नल मात्र मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदच वाट पाहतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो जोडणी नव्याने सुरू करू पाहतो, डिस्क अजून आपल्याच कामात गुंतलेली, ती दाद देत नाही, आणि शेवटी तिला मेलेली ठरवून संचाबाहेर काढलं जातं. एका सेक्टरसाठी आख्खी डिस्क जाते. तीन डिस्कांवर उभा असलेला संच त्याबरोबर बसतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कांना ७ सेकंदांत प्रयत्न सोडून तसं कळवायला सांगता येतं. आमच्या जुन्या डिस्कांना ती सोय नव्हती. म्हणून केबली बदलल्या त्याच दिवशी कर्नलची वाट पाहण्याची मुदत प्रत्येक डिस्कसाठी १८० सेकंद करून ठेवली होती. ही मुदत सर्व्हर बंद-चालू झाला की पुन्हा ३० वर येते, त्यामुळे ती सुरुवातीच्या आज्ञांमध्ये लिहून ठेवावी लागते.

मी आणि रात्रपाळीचे इलेक्ट्रिशियन, दोघं पडद्याकडे बघत बसलो होतो. त्यांना संचाचं काही माहीत नव्हतं, पण काहीतरी अडलंय हे कळत होतं. डिस्कमधून टक् टक् असा बारीक आवाज येत होता. मग वेग ३ हजार झाला, ११ हजार, ७० हजार. सेक्टर वाचला गेला होता. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा एमडीस्टॅटमध्ये चारही डिस्कांसमोर यू हे अक्षर उभं होतं.

अडलेली ती जुनी डिस्क आम्ही लगेच बदलायला घेतली. या वेळी पद्धत वेगळी. नवी डिस्क आधी जादा म्हणून जोडली आणि कर्नलला सांगितलं की जुनीच्या जागी ही घे. यात जुनी डिस्क काम संपेपर्यंत संचातच राहते, तिच्यावरून सरळ नवीवर नक्कल होते, आणि एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तेवढाच इतर डिस्कांवरून काढला जातो. संच एक क्षणही उघडा पडत नाही. डिस्क पूर्ण मरण्याआधी बदलायची असेल तर दुसरी कोणतीही पद्धत वापरू नये.

मग ते खराब सेक्टर इतके दिवस कोणाला दिसले का नाहीत, हा प्रश्न उरला. डेबियनसारख्या लिनक्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी संचाची तपासणी आपोआप सुरू व्हायची सोय असते. सगळे सेक्टर वाचले जातात, जो वाचता येत नाही तो इतर डिस्कांच्या मदतीने पुन्हा लिहिला जातो. आमच्या सर्व्हरवर ती ओळ कोणीतरी बंद करून ठेवली होती. कारण समजण्यासारखं होतं. त्या जुन्या कार्डावरून आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीत तपासणी एका रात्रीत संपणं शक्यच नव्हतं. ती सोमवारवर, मंगळवारवर जायची, काटा मंदावायचा, तक्रार यायची. ज्याने ती थांबवली त्याने काट्यावरच्या माणसांची अडचण बघूनच थांबवली असणार. सिंक हळू चालतं म्हणून तपासणी बंद होते, तपासणी बंद म्हणून खराब सेक्टर लपून राहतात, आणि ते नेमके उघड होतात एक डिस्क गेल्यावर, जेव्हा ते दुरुस्त करायला दुसरी प्रत उरलेली नसते. पंचेचाळीस दिवसांच्या आकड्यापेक्षा मला या साखळीची भीती जास्त वाटते, कारण ती महिनोन्महिने कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. रस्ता मोकळा झाल्यावर आमची पूर्ण तपासणी रविवारी सकाळपर्यंत आटोपू लागली आणि ती ओळ पुन्हा चालू केली. ज्यांच्याकडे एक रात्र पुरत नाही त्यांनी तपासणी तुकड्यांत करावी, आज पहाटेपर्यंत झाली तेवढी, उद्या रात्री तिथून पुढे. नव्या आवृत्त्यांमध्ये ती सोय आयती मिळते.

हंगामात टर्बाइन ट्रिप होणं, यूपीएसची बॅटरी ऐन वेळी हात वर करणं हे चालायचंच. वीज अचानक गेली की संचाला आपण नेमके कुठे लिहीत होतो हे कळत नाही आणि तो सगळ्याचं सिंक पुन्हा करायला घेतो. यावर उपाय म्हणजे बिटमॅप. कोणत्या भागात लिहिणं चालू आहे याची खूण संच आधी करून ठेवतो, आणि वीज परत आल्यावर तेवढेच भाग तपासतो. तासांचं काम मिनिटांवर येतं. नवे संच बांधताना तो बहुधा आपोआप लागतो, आमच्या जुन्या संचाला नव्हता. सिंक चालू असताना तो लावता येत नाही, म्हणून पूर्ण झाल्या झाल्या लावला. लिहिण्याच्या वेगात थोडी घट होते, ती मी आनंदाने सोसेन. गेलेल्या डिस्कच्या जागी कोरी डिस्क आली तर मात्र बिटमॅपचा उपयोग नाही, तिथे सगळंच भरावं लागतं.

याच विषयातला एक वेगळा अनुभव जिल्ह्यातल्याच एका पतसंस्थेत आला. त्यांचा सर्व्हर चांगला, पोर्ट चांगले, दुसरं कोणी लिहीत नव्हतं. नव्या डिस्कवर सिंक दीडशे मेगाबाइटने सुरू झालं, काही वेळ छान पळालं, आणि मग दहा मेगाबाइटवर येऊन रेंगाळू लागलं. केबल, मर्यादा, कॅश, कशानेच फरक पडेना. डिस्कचा मॉडेल क्रमांक तपासला तेव्हा ती एसएमआर पद्धतीची निघाली. या डिस्कांवर माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावरच्याही उचलून पुन्हा घालाव्या लागतात. सुरुवातीचं लिहिणं डिस्क एका राखीव जागेत घेते, ती भरली की वेग कोसळतो. घरी सिनेमे ठेवायला अशी डिस्क ठीक आहे. रेडच्या संचात तिला जागा नाही. खोक्यावर हे लिहिलेलं नव्हतं. २०२० मध्ये जगभर यावरून ओरड झाली तेव्हा कुठे कंपन्यांनी आपली कोणती मॉडेलं एसएमआर आहेत याच्या याद्या जाहीर केल्या. पतसंस्थेने डिस्क परत करून पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, सीएमआर पद्धतीची घेतली, आणि सिंक एका रात्रीत झालं.

माझी विनंती कारखाने, दूध संघ, पतसंस्था, कॉलेजं यांच्या संगणक विभागात काम करणाऱ्यांना आहे, आणि त्यांच्या डिस्कांच्या बिलावर सही करणाऱ्यांनाही. डिस्क घेताना सीएमआर आहे असं बिलावर लिहून घ्या, आणि एक जादा डिस्क कपाटात ठेवा. एमडीस्टॅट आज उघडून पाहा. मासिक तपासणी चालू आहे का बघा, नसेल तर का बंद केली ते शोधा. आणि हंगाम सुरू होण्याआधी, गव्हाणीत मोळी पडायच्या आत, एक पूर्ण तपासणी चालवून ती किती तासांत संपली तो आकडा सर्व्हरच्या डब्यावर चिकटवून ठेवा.